जीवाणूंच्या वंशाचे दप्तर

इतिहासाचा न्याय मोठा विचित्र आहे. शोध लावणाऱ्याचे नाव तो आदराने लिहून ठेवतो. परंतु तो शोध जेथे नोंदला गेला, जपला गेला आणि दुसऱ्याच्या हाती जसाच्या तसा पोहोचला, त्या दप्तराची व ते राखणाऱ्यांची आठवण त्याला क्वचितच होते. मराठी वाचकांस ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला, तोवर आपला इतिहास बव्हंशी बखरींवर विसंबून सांगितला जात असे. रुमालांत बांधलेले कागद बाहेर आले, त्यांना क्रमांक लागले, ते छापून सर्वांच्या हाती पडले, आणि मग कोणते विधान साधार व कोणते ऐकीव हे कोणासही ताडून पाहता येऊ लागले.

विज्ञानाच्या प्रांतातही गेल्या साठ वर्षांत असेच एक अवाढव्य दप्तर उभे राहिले आहे. ते आहे सूक्ष्मजीवांच्या वंशाचे. प्रत्येक जीवाणूच्या पेशीत डी.एन.ए. नामक द्रव्याचा एक दीर्घ धागा असतो. त्यावर चारच रासायनिक अक्षरे निरनिराळ्या क्रमाने लाखो वेळा मांडलेली असतात, आणि त्या जीवाणूने कसे जगावे, काय खावे, कोणावर हल्ला करावा हे सारे त्या क्रमात लिहिलेले असते. ह्या संपूर्ण लेखास शास्त्रज्ञ जीनोम म्हणतात. तो कसा वाचला गेला ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. वाचलेले कोठे ठेवले, कोणी ठेवले आणि ते सर्वांस खुले का राहिले, ही कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवह्यांत ज्यांचे दिवस जातात, अशा आम्हांसारख्यांना ती विशेष जवळची वाटते, म्हणून येथे सांगण्याचे धाडस करीत आहो.

ह्या दप्तराची पहिली वही एका स्त्रीने घातली. मार्गारेट डेहॉफ हे तिचे नाव. अमेरिकेतील मेरिलंड राज्यात एका संशोधनसंस्थेत काम करीत असता, जगभरच्या नियतकालिकांत विखुरलेले प्रथिनांचे अनुक्रम एकत्र करावेत असे तिच्या मनाने घेतले. प्रथिने म्हणजे जनुकांतील लेखाप्रमाणे पेशीने घडविलेली कामकरी द्रव्ये. त्यांच्या घटकांचा क्रम काढणे त्या काळी वर्षानुवर्षांचे काम होते. 1965 साली तिने व तिच्या सहकाऱ्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अवघ्या 65 प्रथिनांची नोंद होती. आज ही संख्या वाचून हसू येईल. पण आरंभ ह्याहून मोठा नसतोच. प्रथिनांच्या प्रत्येक घटकास एकेक रोमन अक्षर देऊन लेखन आटोपशीर करण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, ती तिचीच देणगी होय. संगणकात जागा थोडी होती, म्हणून तिने लेखन थोडके केले. टंचाईतून लिपी जन्मास आली असेच म्हणावयाचे.

तथापि ह्या उद्योगाकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी उदार नव्हती. प्रयोगशाळेत नवे काही काढणारा तो शास्त्रज्ञ, आणि दुसऱ्यांनी काढलेले गोळा करणारा तो संग्राहक, असा भेद तेव्हा पाळला जात असे. संग्रहास पैसा पुरेसा मिळत नव्हता. म्हणून डेहॉफबाईंची संस्था हा ग्रंथ, आणि पुढे त्याच्या चुंबकीय फिती, किंमत घेऊन देत असे व त्या पुढे वाटण्यावर निर्बंध घालीत असे. नोंदी करणाऱ्यांचे पगार तर भागवावयास हवे होते! परंतु ज्यांचे अनुक्रम त्या संग्रहात जात, त्यांना हे रुचेना. आम्ही श्रमाने काढलेले आम्हांसच विकत घ्यावे लागावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने न्याय होता, आणि पुढील सारा इतिहास ह्याच तिढ्याभोवती फिरतो.

इकडे डी.एन.ए. वाचण्याचे तंत्र झपाट्याने सुधारत होते. 1977 साली केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर ह्यांच्या मंडळीने फाय-एक्स-174 ह्या विषाणूचा संपूर्ण अनुक्रम प्रसिद्ध केला. हा विषाणू इतका क्षुद्र की जीवाणूंना रोग लावून तो आपली उपजीविका करतो. त्याच्या लेखाची लांबी 5,375 अक्षरे भरली; पुढच्याच वर्षी ती दुरुस्त होऊन 5,386 ठरली. असे लेख आता दरमहा प्रसिद्ध होऊ लागले आणि ते कोठे ठेवावेत हा प्रश्न निकडीचा झाला. 1979 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यासाठी शास्त्रज्ञांची बैठक भरली. युरोपने मात्र अमेरिकेची वाट पाहिली नाही. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील युरोपीय प्रयोगशाळेने आपले ग्रंथालय त्याच सुमारास सुरू केले.

अमेरिकेत शेवटी दोन पक्ष उभे राहिले. एका बाजूस डेहॉफबाई आणि त्यांचा दीर्घ अनुभव. दुसऱ्या बाजूस लॉस अलामोस, म्हणजे जेथे अणुबाँब तयार झाला तेच ठिकाण. तेथील वॉल्टर गोअड ह्या पदार्थवैज्ञानिकाने हायड्रोजन बाँबच्या कामात भाग घेतला होता. तो पुढे जीवशास्त्राकडे वळला व त्याने अनुक्रमांचा संग्रह आरंभिला. त्याच्या पक्षाने एक वचन दिले की ह्या संग्रहावर आम्ही कोणताही हक्क सांगणार नाही. तो सर्वांचा राहील. 1982 साली सरकारी कंत्राट लॉस अलामोसच्या पक्षास मिळाले आणि जेनबँक ह्या नावाने सार्वजनिक दप्तर सुरू झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यात 606 अनुक्रम व 6,80,338 अक्षरे होती. डेहॉफबाई 1983 च्या फेब्रुवारीत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षात वारल्या. ज्या बागेचे पहिले रोप त्यांनी लावले, तिची राखण दुसऱ्याकडे गेली. निर्णय लोकहिताचा झाला असे आम्हांस वाटते. परंतु पदरचे श्रम घालून वही सुरू करणाऱ्या माणसाच्या वाट्यास आलेली ही निराशाही नोंदवून ठेवणे हे इतिहासाचे कर्तव्य आहे.

दप्तर सुरू करणे एक आणि चालविणे एक. प्रारंभी नियतकालिके चाळून, त्यांत छापलेली अक्षरे एकेक करून संगणकात उतरविणारी माणसे नेमलेली होती. लवकरच कागदांचा ढीग माणसांच्या हाताबाहेर गेला आणि छापलेला अनुक्रम दप्तरी लागण्यास वर्षाहून अधिक काळ लागू लागला. तेव्हा नियम उलटविण्यात आला. दप्तराने शास्त्रज्ञामागे धावण्याऐवजी शास्त्रज्ञानेच आपला अनुक्रम आणून द्यावा, आणि नोंदक्रमांक मिळाल्यावाचून त्याचा लेख छापला जाऊ नये. 1988 साली ‘न्यूक्लिइक अ‍ॅसिड्स रिसर्च’ ह्या नियतकालिकाने हा दंडक घातला व पुढे इतरांनी तो उचलला. ह्याच सुमारास जपानात मिशिमा येथील तिसरे दप्तरही कामास लागले होते. अमेरिका, युरोप व जपान ह्यांनी आपापल्या नोंदी रोजच्या रोज एकमेकांस देण्याचे ठरविले. कोणत्याही एका दारी अर्ज द्यावा, तो तिन्ही दारी लागतो. आमच्या परिचयाच्या अनेक खात्यांना ही सोय अद्याप साधलेली नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.

ह्या नोंदक्रमांकाचे शास्त्र कोणाही कारकुनाने हेवा करावा असे आहे. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या अनुक्रमास कधी द्यावयाचा नाही. मूळ नोंदीत चूक आढळल्यास क्रमांक तोच ठेवून पुढे टिंब देऊन आवृत्तीचा आकडा वाढवावयाचा, आणि जुनी आवृत्तीही पुसावयाची नाही. मागाहून येणाऱ्यास ती पाहता आली पाहिजे. एश्चेरिकिया कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जीवाणू. त्याच्या प्रयोगशाळेतील प्रसिद्ध वाणाचा लेख 1997 साली 46,39,221 अक्षरांचा म्हणून नोंदला गेला; दुरुस्त्या होत होत तिसऱ्या आवृत्तीत तो 46,41,652 अक्षरांचा झाला आहे. चूक लपविली गेली नाही, खोडून तिच्यावर गिरविलेही नाही. ती आपल्या जागी शाबूत आहे आणि तिची दुरुस्ती तिच्या शेजारी आहे.

स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा संपूर्ण लेख प्रथम हाती आला तो 1995 साली. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा लहान मुलांस मस्तिष्कावरणाचा रोग लावणाऱ्या जातीचा जीवाणू. हॅमिल्टन स्मिथ व क्रेग व्हेंटर ह्यांच्या मंडळीने त्याच्या एका निरुपद्रवी वाणाच्या डी.एन.ए.चे बारीक तुकडे केले, सुमारे 24,000 तुकड्यांचे वाचन केले, आणि ते संगणकाकडून जुळवून 18,30,137 अक्षरांचा अखंड लेख सिद्ध केला. ह्या पराक्रमाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्यात दप्तराचा वाटा केवढा होता हे मात्र थोड्यांच्या ध्यानी आले. लेख हाती आला, तरी त्याचा अर्थ कसा लावावयाचा? त्यात 1,743 जनुके दिसत होती. त्यांतील प्रत्येकाचा अनुक्रम आधीच्या संग्रहांतील अनुक्रमांशी ताडून पाहिला. साम्य आढळले तेथे कामही तेच असावे असा कयास केला. म्हणजे डेहॉफबाईंनी सुरू केलेल्या परंपरेवाचून हा लेख म्हणजे न उलगडणाऱ्या मोडीचा कागदच राहिला असता. आणि तरीही शंभरांतील चाळिसांहून अधिक जनुकांच्या पुढे ‘कार्य अज्ञात’ असाच शेरा मारावा लागला.

त्यानंतर पूर आला. जीवाणूंच्या जीनोमांची गणती तेव्हा बोटांवर होत असे; आज ती लाखांत करावी लागते. मूळ दप्तरांच्या भोवती मग विशेष संग्रह उभे राहिले. कोणत्या जीवाणूचा जीनोम कोठे वाचला जात आहे ह्याची खतावणी ठेवणारा ‘गोल्ड’ हा संग्रह 1997 मध्ये निघाला. त्याच वर्षी यूजीन कूनिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात संपूर्ण जीनोम एकापुढे एक ठेवून, निरनिराळ्या जीवांतील एकाच कुळीची जनुके एकत्र बांधण्याची पद्धत घातली. जपानात क्योटो येथील कानेहिसा ह्यांनी पेशीतील रासायनिक क्रियांचे नकाशे काढून कोणते जनुक कोणत्या टप्प्यावर काम करते हे मांडले. 2005 साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जीनोमसंस्थेने सूक्ष्मजीवांचे जीनोम परस्परांशी तुलून पाहण्याची एकत्रित व्यवस्था सुरू केली. मूळ कागद, अनुक्रमणिका, वंशावळी आणि नकाशे, अशी ही चतुर्विध साधने आज ह्या शास्त्राच्या अभ्यासकापुढे खुली आहेत.

हे सर्व ठीक. पण सामान्य माणसास त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर क्षयरोगाने दिले आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, तेव्हा हे उत्तर आपण विशेष लक्ष देऊन ऐकावयास हवे. 1905 साली अमेरिकेतील सरनॅक लेक येथील आरोग्यधामात एका रोग्यापासून क्षयाचा जीवाणू वेगळा करण्यात आला. त्याच्यापासून 1934 साली निवडलेला एच-37-आर-व्ही हा वाण जगभरच्या प्रयोगशाळांत पोसला गेला. 1998 साली स्ट्यूअर्ट कोल ह्यांच्या नेतृत्वाखाली, इंग्लंडातील सँगर केंद्र व पॅरिसची पाश्चर संस्था ह्यांनी त्याचा 44,11,529 अक्षरांचा लेख प्रसिद्ध केला. त्याचा नोंदक्रमांक ए-एल-1-2-3-4-5-6 असा, पाठ करावयासही सोपा आहे. त्यातील सुमारे चार हजार जनुकांना क्रमाने अंक दिले गेले, आणि क्षयाविषयी पुढे जे जे लिहिले गेले ते ते ह्या अंकांच्या आधाराने लिहिले गेले.

ह्याचा उपयोग लवकरच दिसला. एका नव्या औषधाने क्षयाचा जीवाणू मरत होता. पण ते त्याच्या कोणत्या मर्मावर घाव घालते हे कळत नव्हते. तेव्हा ह्या औषधास दाद न देणारे जीवाणू वाढविले, क्षयाचे व त्याच्या एका सौम्य भाऊबंदाचे. त्यांचे लेख मूळ लेखांशी ताडून पाहिले, आणि बदल नेमका एकाच जनुकात आढळला. ते जनुक पेशीच्या ऊर्जायंत्राचे होते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ह्या शोधातील औषध म्हणजे आजचे बेडाक्विलिन. इतर औषधांनी हात टेकले अशा रोग्यांना ते आज दिले जाते. अस्सल प्रत दप्तरी होती, म्हणूनच नकलेतला फरक दिसला.

नोंदीत एकवाक्यता नसली तर काय होते, ह्याचेही उदाहरण येथेच मिळते. रिफॅम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध. ते ज्या बदलामुळे बहुधा निकामी ठरते, तो बदल कित्येक वर्षे 531 ह्या स्थानाचा म्हणून सांगितला जाई. परंतु ही मोजणी क्षयाच्या जीवाणूची नसून एश्चेरिकिया कोलायची होती! क्षयाच्या स्वतःच्या लेखात ते स्थान 450 आहे. एकाच शेताला दोन गट नंबर लागावेत, तसा हा घोटाळा. जमिनीच्या दप्तरात मालकी बदलल्याची जी फेरफार नोंद होते, तिला इंग्रजी अमदानीपासून ‘म्यूटेशन’ म्हणतात, आणि जनुकातील बदलालाही शास्त्रज्ञ नेमके तेच म्हणतात. हे फेरफार एका पद्धतीने मांडावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली 38,000 हून अधिक नमुन्यांच्या आधारे एक यादी प्रसिद्ध केली. कोणत्या बदलामुळे कोणते औषध चालणार नाही, हे तीत दिले आहे. 2023 साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. ह्या यादीतील एक ओळ चुकली, तर कोठे तरी एका रोग्यास चुकीचे औषध महिनोन् महिने दिले जाईल, इतका ह्या कारकुनीचा रोग्याच्या प्राणाशी संबंध आहे.

आणि चुका होतात. 1999 साली स्टीव्हन ब्रेनर ह्यांनी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम ह्या अतिलहान जीवाणूच्या 340 जनुकांची तपासणी केली. ह्या जनुकांवर एकाहून अधिक मंडळींनी स्वतंत्रपणे अर्थाचे शेरे मारले होते. ते एकमेकांशी ताडता, शंभरांत निदान आठ शेरे चुकीचे असले पाहिजेत असे निष्पन्न झाले. असा चुकीचा शेरा तेथेच राहत नाही. दुसरा अभ्यासक साम्य पाहून तोच शेरा आपल्या जनुकास लावतो, तिसरा दुसऱ्याचा उचलतो, आणि चार पिढ्यांनंतर त्या चुकीला परंपरेचा मान मिळतो. बखरींचे जे झाले तेच हे. ह्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालणारा जाणता माणूस. यंत्र नक्कल जलद करते. शहाणपण त्याला माणसाकडूनच मिळते.

परंतु ह्या माणसाला पगार कोणी द्यावा? आमोस बैरोख ह्यांनी 1986 साली जिनीव्हा येथे स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा संग्रह सुरू केला. काटेकोर तपासणीबद्दल त्याची ख्याती होती. पण 1996 साली पैशावाचून तो बंद पडण्याची वेळ आली. जगभरच्या अभ्यासकांनी हाकाटी केली तेव्हा तो वाचला. क्योटोच्या संग्रहाला 2011 साली आपली सामग्री एकगठ्ठा उतरवून घेणाऱ्यांकडून वर्गणी मागावी लागली. डेहॉफबाईंचा जुना तिढा सुटलेला नाही, हेच ह्यावरून दिसते. नवा जीनोम वाचावयास अनुदान मिळते. वाचलेला सांभाळावयास ते मागत फिरावे लागते.

आपल्या देशाचे ह्यात स्थान काय? जीवाणूंचे प्रत्यक्ष वाण जपण्याचे काम चंडीगढ येथील संग्रह 1986 पासून करीत आहे. 2002 साली त्यास आंतरराष्ट्रीय ठेवगृहाचा दर्जा लाभला. पुण्याच्या संग्रहास तो 2011 मध्ये मिळाला. 2008 साली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयाच्या औषधांसाठी खुल्या संशोधनाची योजना आखली. तिच्यात 2010 साली देशभरच्या विद्यार्थ्यांनी आपखुशीने क्षयाच्या जीनोमातील जनुकांचे शेरे पुन्हा तपासून लिहिले. अनुक्रमांचे राष्ट्रीय दप्तर मात्र 10 नोव्हेंबर 2022 रोजी, दिल्लीशेजारच्या फरीदाबाद येथे सुरू झाले. जेनबँकेनंतर चाळीस वर्षांनी. उशीर झाला खरा, पण सुरुवात झाली.

एक नाजूक प्रश्न येथे टाळता येत नाही. उष्ण कटिबंधातील मातीतून, पाण्यातून आणि रोग्यांतून हे जीवाणू निघावेत, त्यांचे लेख सर्वांस फुकट मिळावेत, आणि त्यांवरून झालेली औषधे मात्र धनिक देशांच्या कंपन्यांनी आम्हांस मोल घेऊन विकावीत, ह्यात न्याय कोठे आहे? हा वाद राष्ट्राराष्ट्रांत अनेक वर्षे चालला. 2022 साली माँट्रियल येथे तत्त्व ठरले आणि 2024 साली कोलंबियातील काली येथील परिषदेत त्यासाठी निधी निर्माण झाला. अशा अनुक्रमांवर नफा मिळविणाऱ्यांनी त्याचा काही अंश ह्या निधीत घालावा, अशी ही योजना आहे. दप्तर खुले ठेवून नफ्यातून हिस्सा घ्यावयाचा, हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. कुलूप घातल्याने चोर थांबत नाही. गरजू अभ्यासक मात्र थांबतो, आणि गरजू अभ्यासक आपल्याच देशात अधिक आहेत.

दप्तर खुले असावे, त्यातील प्रत्येक नोंदीस क्रमांक असावा, चूक दुरुस्त करता यावी पण लपविता येऊ नये, आणि ते राखणाऱ्याची उपजीविका दयेवर सोडू नये, एवढी चार सूत्रे ह्या साठ वर्षांच्या इतिहासातून निघतात. त्यांपैकी पहिली तीन जगाने बव्हंशी मान्य केली आहेत. चौथे अजून मान्य व्हावयाचे आहे. फरीदाबादचे दप्तर नवे आहे. ते बांधण्यास पैसा मिळाला, तसा त्यातील नोंदी वर्षानुवर्षे तपासणाऱ्या माणसांसाठीही मिळत राहिला, तर जेथे इतर देश अडखळले तेथे आपण सावरलो असे म्हणता येईल.